संगणक नवा, दप्तर जुने

(कडेगाव येथे पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, कार्यालयीन कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा वाटेल. कार्यालयात नवा संगणक आला आणि त्यावर जुनी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतो ते, चालेनासे झाले, तर काय करावे, असा हा प्रश्न आहे. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या अंतरंगाचे शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु हा प्रश्न केवळ यंत्राचा नसून दप्तराचा आहे, आणि दप्तराचा प्रश्न हा नागरिकांच्या हक्काचा प्रश्न असतो, म्हणून तो आपल्यासमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या तालुक्याला दप्तराचे महत्त्व निराळे सांगावयास नको. याच तालुक्यातील देवराष्ट्रे या गावी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. ते मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात पंचायत राज्याचा आरंभ झाला. गावाच्या हाती सत्ता आली, तशा तिच्याबरोबर नोंदवह्याही आल्या. सत्ता म्हणजे ठराव, आणि ठराव म्हणजे लिहून ठेवलेला शब्द. आज ग्रामपंचायतीचे हिशेब व अभिलेख १ ते ३३ नमुन्यांत ठेवले जातात. त्यांतील नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घर कोणाच्या नावे आहे, याचा दाखला गावातील माणूस याच नोंदवहीतून मागतो.

या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळाच्या पट्ट्यातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरली आहेत. टेंभू योजनेचे पाणी या भागात आले असले तरी बाहेर गेलेली ही माणसे आपापल्या व्यवसायात रुजलेली आहेत. त्यांची मुले तिकडे शिकतात. परंतु जन्माची नोंद, शाळेचा दाखला, वडिलार्जित घराचा उतारा यांसाठी त्यांना गावाकडेच यावे लागते. हजार मैलांवरून आलेल्या अशा माणसाला "नोंद आहे, पण ती जुन्या संगणकात आहे आणि तो संगणक आता चालत नाही," असे उत्तर मिळाले, तर त्याच्या दृष्टीने ती नोंद असून नसल्यासारखीच होय.

प्रश्न आताच का उद्भवला?

संगणकावरील प्रत्येक आज्ञावली एका पायाभूत व्यवस्थेच्या आधाराने चालते. तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम असे म्हणतात. कार्यालयात अर्ज कोणी घ्यावा, शिक्का कोणी मारावा, कपाटाची किल्ली कोणाकडे असावी हे जसे ठरलेले असते, तसेच संगणकातील स्मृती, कळफलक, मुद्रणयंत्र व फाइली यांचा कारभार ही कार्यप्रणाली पाहते. आज्ञावली तिच्याकडे अर्ज करते आणि काम करवून घेते. कचेरीची रीत बदलली, की जुन्या नमुन्यातील अर्ज नामंजूर होतो. जुनी आज्ञावली नव्या कार्यप्रणालीवर चालत नाही, त्याचे मूळ कारण हेच.

आपल्याकडील बहुसंख्य कार्यालयीन संगणक मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या कार्यप्रणालीवर चालत आले आहेत. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या थांबल्या. विंडोज सात २००९ साली आली, तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. २०१५ साली आलेल्या विंडोज दहाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; त्यापुढे संस्थांना शुल्क भरून जास्तीत जास्त ३ वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळू शकतात. २०२१ साली आलेली विंडोज अकरा अनेक जुन्या संगणकांवर चढत नाही, कारण तिला नव्या पिढीचा प्रक्रियक व सुरक्षेची एक विशिष्ट सोय लागते. परिणामी संगणकच बदलावे लागत आहेत, आणि संगणक बदलला की त्यातील जुन्या आज्ञावलींचा प्रश्न पुढे येतो.

कोणी विचारील, जुनी कार्यप्रणाली तशीच चालू ठेवली तर काय बिघडले? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही तिची झळ लागली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ज्या दोषातून ती शिरली त्याची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, किंवा ज्यांची कार्यप्रणाली जुनी झाल्यामुळे त्यांना ती मिळालीच नव्हती, ते सापडले. म्हणून जुना संगणक महाजालाला जोडून वर्षानुवर्षे तसाच चालविणे म्हणजे दप्तरखान्याचे दार रात्री उघडे ठेवून घरी जाण्यासारखे आहे.

जुनी आज्ञावली का अडते?

अडण्याची कारणे मुख्यतः पाच आहेत. ती समजली, की उपाय निवडणे सोपे जाते.

पहिले कारण प्रक्रियकाच्या रचनेचे. १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम वैयक्तिक संगणकाच्या काळातील आज्ञावल्या १६ बिटांच्या होत्या. पुढे ३२ बिटांच्या आणि नंतर ६४ बिटांच्या कार्यप्रणाली आल्या. ६४ बिटांची विंडोज ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालविते, परंतु १६ बिटांच्या चालवीत नाही. डॉसच्या काळातील पगारपत्रके, करवसुली, साठा-नोंदी यांच्या आज्ञावल्या ३२ बिटांच्या विंडोजवर कशाबशा तग धरून होत्या. विंडोज अकरा तर फक्त ६४ बिटांतच मिळते. तेव्हा त्यांचा उरलासुरला आसरा गेला.

दुसरे कारण अधिकारांचे. जुन्या आज्ञावल्या स्वतःच्या फाइली संगणकात कोठेही लिहीत असत. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याच्या या मोकळिकीवर बंधने आली. आज्ञावली उघडते, परंतु नोंद जतन होत नाही, अशी तक्रार बहुधा येथून उद्भवते.

तिसरे कारण यंत्रसामग्रीचे. डॉसवरील आज्ञावली मुद्रणयंत्राशी थेट बोलत असे. जुन्या डॉट मॅट्रिक्स मुद्रणयंत्राचे रुंद जोडस्थान नव्या संगणकाला नसते. काही आज्ञावल्यांना परवान्याची कळ म्हणून त्याच जोडस्थानात एक छोटी खुंटी लावावी लागे. ते स्थानच नाहीसे झाल्यावर खुंटी लावणार कोठे?

चौथे कारण महाजालावरील वाचकाचे, म्हणजे ब्राउझरचे. अनेक संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्सप्लोररवर चालतील अशा बेताने बांधली होती. तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. शाळांतील बोलकी, हलत्या चित्रांची अनेक अध्यापन-साधने फ्लॅश या तंत्रावर बेतलेली होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणेही बंद झाले. शिक्षकांनी जपून ठेवलेल्या चकत्यांतील धडे एका दिवसात मुके झाले, ते यामुळे.

पाचवे कारण आपल्या भाषेचे. ते इतर चारांहून महत्त्वाचे असल्याने त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

मराठी अक्षरांची अडचण

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. प्रत्येक अक्षराला एक अंक ठरवून द्यावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी हे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली आणि जिस्ट नावाने हे तंत्र तेथे वाढले. संगणकात जिस्टचे कार्ड बसविले, की डॉसच्या आज्ञावलीतही देवनागरी उमटू लागे. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच संकेतावलीत स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी या भारतीय प्रयत्नांच्याच पायावर उभी राहिली.

परंतु युनिकोड रोजच्या कार्यालयीन वापरात येईपर्यंत बरीच वर्षे गेली. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० सालच्या आवृत्तीपासून मिळू लागली. तिच्यासोबतचा मंगल हा टंक मराठी अक्षरशिल्पी र. कृ. जोशी यांनी घडविला. मधल्या काळात आपले काम सी-डॅकच्या आयएसएम, तसेच श्रीलिपी, आकृती अशा आज्ञावल्यांनी चालविले. सुरेख, योगेश हे टंक आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असतील. त्या काळी या साधनांनी मराठी कारभाराची मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र त्यांच्यात एक युक्ती होती. संगणक आत रोमन अक्षराचाच अंक साठवीत असे, आणि पडद्यावर त्या जागी देवनागरी आकृती दाखवीत असे. तो टंक संगणकात असेल तोवर मजकूर मराठी. टंक नसेल तर तीच फाइल रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी.

म्हणूनच नव्या संगणकावर जुने ठराव उघडले असता निराशा पदरी येते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो वाचण्याची किल्ली हरवलेली असते.

मोडीचा धडा

आपल्या इतिहासात ही गोष्ट प्रथमच घडत आहे असे नाही. मराठी राज्याचा कारभार मोडी लिपीत चाले. इंग्रजी अमदानीतही गावोगावच्या नोंदी मोडीत होत राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून व कचेरीतून गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद जागच्या जागी आहेत. तहसील कचेऱ्यांतील जुनी बाडेही कपाटांत आहेत. परंतु ती वाचणारा माणूस दुर्मीळ झाला. २०२३ साली राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची केवढी गरज भासली हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कागद टिकणे आणि कागद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मोडी वाचता येणारा माणूस दोन पिढ्यांनंतरही तयार करता येतो, कारण शाई कागदावर दिसत असते. संगणकातील जुन्या फाइलीची स्थिती याहून नाजूक आहे. फ्लॉपी बुरशीने जाते, चकतीवरील लेप उडतो, हार्ड डिस्क पूर्वसूचना न देता बंद पडते. मोडीला शे-दोनशे वर्षांची मुदत मिळाली; येथे १५-२० वर्षांतच निकाल लागतो.

उपायांचा क्रम

आता उपायांकडे वळू. येथे क्रमाला महत्त्व आहे.

सर्वप्रथम प्रत, मग प्रयोग. जुन्या संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यातील सर्व फाइलींची पूर्ण प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी. अशा निदान दोन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवावी. आज्ञावलीची मूळ चकती, परवान्याचा क्रमांक, परवलीचे शब्द आणि वापरलेले टंक हेही त्याबरोबर जपावेत. जुना संगणक लगेच भंगारात काढू नये. मात्र तो महाजालापासून तोडावा.

दुसरी पायरी सोपी आहे. आज्ञावली ३२ बिटांची असेल, तर तिच्या चिन्हावर उजवी कळ दाबून गुणधर्मांच्या यादीतील कॉम्पॅटिबिलिटी या पानावर जुन्या विंडोजची निवड करावी. कार्यप्रणाली त्या आज्ञावलीशी जुन्या रीतीने वागू लागते. ती स्वतंत्र फोल्डरमध्ये बसविल्यास नोंदी जतन न होण्याची अडचणही पुष्कळदा सुटते. इंटरनेट एक्सप्लोररवर अवलंबून असलेल्या संकेतस्थळांसाठी एज या नव्या ब्राउझरमध्ये जुन्या पद्धतीने चालण्याची सोय ठेवलेली आहे. फ्लॅशवरील पुष्कळ धडे रफल या विनामूल्य आज्ञावलीने पुन्हा चालू शकतात. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

तिसरी पायरी डॉसवरील आज्ञावल्यांसाठी. डॉसबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली नव्या संगणकात जुन्या डॉस संगणकाचा आभास निर्माण करते. ती मुळात जुन्या खेळांसाठी बनविली गेली. म्हणून छपाई किंवा अनेकांनी एकाच वेळी वापरणे यांसाठी तिच्यावर विसंबू नये. जुनी नोंद उघडून पाहण्यास मात्र ती पुरते. तथापि जेथे जिस्टचे कार्ड लागत असे, तेथे पडद्यावर मराठी दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी आभासी संगणकाची. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीने नव्या संगणकाच्या आत एक संपूर्ण जुना संगणक उभा करता येतो. त्यात विंडोज एक्सपी बसवावी, त्यात आपली आज्ञावली आणि जुने टंक बसवावेत. बाहेरच्या संगणकाला धक्का लागत नाही आणि आतला जुना संगणक जसाच्या तसा एका फाइलीत साठविता येतो. यासाठी जुन्या विंडोजचा वैध परवाना हवा, आणि या आतल्या संगणकाला महाजाल देऊ नये. लिनक्सवर काम करणाऱ्यांना वाइन ही आज्ञावली उपयोगी पडते. विंडोजच्या अनेक जुन्या आज्ञावल्या, काही १६ बिटांच्यासुद्धा, तिच्या आधाराने चालतात.

पाचवी पायरी खरी महत्त्वाची, ती म्हणजे माहिती बाहेर काढण्याची. वरील चारही पायऱ्या म्हणजे ओढ्यावर टाकलेला तात्पुरता साकव आहे. त्यावरून दप्तर पलीकडे न्यावयाचे आहे. त्यावर संसार थाटावयाचा नाही. डीबेस आणि फॉक्सप्रो यांत केलेल्या आज्ञावल्यांची माहिती बहुधा डीबीएफ प्रकारच्या फाइलींत असते, आणि त्या लिब्रे ऑफिस या विनामूल्य आज्ञावलीत थेट उघडता येतात. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार २०१५ सालीच संपला आहे. तरी तिच्यातील माहिती अद्याप सुटी करता येते. आज्ञावली चालत नाही म्हणून माहिती गेली, असे समजून स्वस्थ बसू नये.

रूपांतर आणि पडताळणी

जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने सी-डॅकने व इतरांनी केलेली आहेत. परंतु रूपांतर झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. जुन्या टंकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविलेली असे, युनिकोडमध्ये ती नंतर साठविली जाते. रफार, जोडाक्षरे आणि आपल्या मराठीचा खास अर्धा र येथे चूक होण्याचा संभव असतो. शेजारच्या कऱ्हाडचे कर्हाड झाले, तर वाचणारा सांभाळून घेईल. संगणकाच्या शोधात मात्र ती दोन वेगळी गावे ठरतील. गावाच्या नावात हे होत असेल, तर माणसाच्या नावातही होईल, आणि वारसाच्या अर्जात एका अक्षराने किती हेलपाटे पडतात हे आपण जाणता.

तारखांचेही तसेच. अनेक जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठविले जात. जन्मवर्षाच्या रकान्यात केवळ ०२ असेल, तर ते १९०२ की २००२, हे नवा संगणक आपल्या मनाने ठरवील. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख आयुष्यभर माणसाला चिकटते. तेथे संगणकाच्या तर्कावर विसंबता येणार नाही. कागदावरील मूळ नोंदवही समोर ठेवूनच अशी प्रत्येक नोंद तपासली पाहिजे.

पडताळणीची रीत आपल्याला नवी नाही. आपला कडेगाव तालुका पूर्वीच्या खानापूर तालुक्यातून वेगळा झाला. तालुका विभागला, की दप्तराची वाटणी होते; प्रत्येक बाडाची यादी होते; देणारा व घेणारा दोघे सह्या करतात; संख्या जुळली नाही तर कार्यभार पूर्ण होत नाही. संगणकाच्या बाबतीत हीच शिस्त पाळावयाची आहे. जुन्या फाइलीत खातेदार किती होते, नव्यात किती आले? जुन्या करआकारणीची बेरीज नव्या बेरजेशी जुळते का? वीस-पंचवीस नोंदी कोठूनही उचलून अक्षरशः ताडून पाहिल्या का? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी नोंदवून त्याखाली सही झाली, म्हणजे रूपांतर पूर्ण झाले असे मानावे.

सर्व काही ऑनलाइन झाले आहे, मग काळजी कशाची?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज हे राष्ट्रीय दालन सुरू झाले. आपल्या राज्यात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. देशात भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा आरंभ १९८८-८९ साली प्रायोगिक स्वरूपात झाला, तेव्हा निवडलेल्या आठ जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. एवढा पल्ला आपण गाठला, ही अभिमानाची गोष्ट होय. नवी दालने मध्यवर्ती संगणकावर चालत असल्याने गावातील यंत्र बदलले तरी तेथील माहितीला धक्का पोहोचत नाही.

परंतु नव्या दालनात तेवढेच असते, जेवढे त्यात भरले गेले. त्याआधीच्या १०-१५ वर्षांत गावपातळीवर, शाळेत, सहकारी संस्थेत जे टंकलिखित झाले, त्यातील कितीतरी भाग अद्याप जुन्याच यंत्रांत आहे. ग्रामसभेची इतिवृत्ते, लाभार्थींच्या याद्या, पाणीपट्टीची थकबाकी, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव यांची मागणी कोणी रोज करीत नाही. पण ज्या दिवशी वाद उभा राहतो, त्या दिवशी तोच कागद निर्णायक ठरतो.

शेजारच्या वारणा खोऱ्याचा अनुभव येथे बोधप्रद आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. देशात त्याची वाखाणणी झाली. पुढे संशोधकांनी पाहणी केली तेव्हा गावातील संगणकांचा मुख्य उपयोग उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजनाचा तपशील यांसाठी होत असल्याचे दिसून आले. मग तेच काम मोबाईलवरील लघुसंदेशाने करून पाहण्याचा प्रयोग काही गावांत झाला, आणि २००७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. यंत्र गेले, साधन बदलले. शेतकऱ्याला हवी होती ती वजनाची नोंद, आणि ती त्याला मिळत राहिली. तंत्रज्ञान येईल आणि जाईल. नोंदीचे सातत्य टिकले पाहिजे.

कायदा आणि आपले कर्तव्य

हे केवळ सोयीचे काम नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७ प्रमाणे, अभिलेख इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन करावयाचा असेल तर त्यातील माहिती पुढेही पाहता व वापरता आली पाहिजे, आणि ती मूळ स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूक दर्शविते असे दाखवून देता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावयाचे आहेत. उघडत नसलेली फाइल या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही.

म्हणून आपणापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने एक साधी यादी करावी: कोणता संगणक, कोणती कार्यप्रणाली, कोणती आज्ञावली, तिच्यात कोणत्या सालापासूनची माहिती, कोणता टंक, परवलीचा शब्द कोणाकडे. ही यादी कार्यभार हस्तांतरणाच्या कागदांत समाविष्ट व्हावी. बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर गावाचे दप्तर अवलंबून राहू नये. नवी आज्ञावली घेताना करारात एक अट अवश्य घालावी, की माहिती ग्रामपंचायतीच्या मालकीची राहील आणि मागणी करताच ती कोणत्याही संगणकावर उघडेल अशा खुल्या स्वरूपात, युनिकोडमध्ये मिळेल. यापुढे एकही ठराव, एकही पत्र जुन्या टंकात टंकलिखित करू नये. आणि संगणकात नोंद झाली म्हणून मूळ नोंदवही दुर्लक्षिता कामा नये. पडताळणीची अंतिम कसोटी अजूनही तीच आहे.

शिक्षकांना माझी विशेष विनंती आहे. गावात संगणकाची जाण असलेला, नेमकेपणाची सवय असलेला आणि ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे असा माणूस बहुधा शाळेतच सापडतो. रूपांतरित नोंदी वाचून ताडण्याच्या कामी आपले मार्गदर्शन लाभले, तर ग्रामपंचायतीचे काम निम्म्याने हलके होईल. पंचायत सदस्यांनी या कामासाठी लागणारा अल्प खर्च मंजूर करताना तो यंत्रावरील खर्च समजू नये. एक बाह्य हार्ड डिस्क आणि काही दिवसांचे काळजीपूर्वक श्रम एवढीच बहुधा त्याची किंमत आहे. दप्तर हरवल्यानंतर जे मोजावे लागते, त्याची रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. आणि ती बहुधा ज्याची नोंद हरवली त्या गरिबाला भरावी लागते.

जुनी आज्ञावली नव्या संगणकावर चालविता येते, हे आपण पाहिले. ती कायमची चालवावयाची नसून तिच्यातील माहिती सुखरूप बाहेर काढण्यापुरती चालवावयाची आहे, हेही पाहिले. जुने संगणक अद्याप सुरू होत आहेत आणि ती आज्ञावली वापरलेली माणसे अद्याप सेवेत आहेत, तोवरच हे काम सुलभ आहे. पुढील आर्थिक वर्षाची वाट न पाहता, उद्या कार्यालय उघडताच पहिली प्रत घेण्यास आपण सुरुवात करावी, एवढीच विनंती आहे.